डाव्या हाताचा चाकू

आमच्या घरात चाकू एकच होता आणि तो आबांचा होता. भाजी विळीवर चिरली जायची, नारळ कोयत्याने फुटायचे, गवत विळ्याने निघायचं. चाकू मात्र आबांच्या खाकी चड्डीच्या खिशात मिटून असायचा. काळ्या शिंगाची जाड मूठ आणि आत आखूड, रुंद पातं. त्या चाकूने आबा फक्त कलमं बांधायचे, साधा पेरू कापायलाही तो बाहेर काढत नसत. आबा म्हणजे माझे वडील. बदलापूरला बेलवलीत एका मुंबईकर वकिलांची वाडी होती, तिथे ते माळी होते. आम्ही मूळचे राजापूरकडचे, पण मला कळायला लागल्यापासूनची आठवण या वाडीचीच आहे: विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, ओल्या केळीच्या सोपाचा, म्हणजे बुंध्याच्या सालपटाचा, वास, आणि पडवीत उकिडवे बसून नारळाच्या करवंटीतल्या पाण्यात दगड बुडवून बुडवून चाकूला धार लावणारे आबा. रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासायची, जखमेला जखम लावायची आणि सोपाने घट्ट बांधायची, की दोन-अडीच महिन्यांत दोन झाडांचं एक होतं. आबांचं कलम सहसा फुकट जात नसे. वाडीच्या आमच्या मालकांना, त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणायचे, याचा फार अभिमान होता. मुंबईहून पाहुणे आणले की ते आबांना पुढे बोलावून त्यांचा हात दाखवायचे, जसा एखादा घरातला दागिना दाखवतो तसा.

विहिरीजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. माझ्या पाठीवर झालेली दोन भावंडं राहिली नव्हती. खोल्या अण्णासाहेबांनी माळ्यासाठी बांधलेल्या होत्या, म्हणजे आबा माळी आहेत तोवर आमच्या. हे कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं, तशी गरजही नव्हती. आईने मागच्या दारी अळू लावलं होतं, पुढे तुळस होती, आणि मी फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास होऊन घरी बसले होते. पुढचं शिक्षण कल्याणला, आणि कल्याणला एकट्या मुलीला कोण पाठवणार, म्हणून तो विषय आपोआप मिटला होता.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळी न्याहरीला आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली होती. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडाकडे न जाता मांडीवर पडला. दुसरा मोडला, तोही पडला. आईने विचारलं, असं काय करताय. आबा तिच्याकडे बघून हसले, आणि ते हसू त्यांच्या एकाच गालावर उमटलं. मी त्या वेळी चुलीपाशी होते. मला वाटलं थट्टा चालली आहे, म्हणून मीही हसले. ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं.

डॉक्टर आले, सुया झाल्या. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी आणखी काही. आईने कशालाच नाही म्हटलं नाही, पण रोज न चुकता केलं ते एकच: निरगुडीचा पाला गरम करून आबांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत शेकायचा. पंधरा-वीस दिवसांत जीभ सुटली, महिन्याने पाय ओढत का होईना ते विहिरीपर्यंत जाऊ लागले. हात मात्र तसाच राहिला. बोटं आत वळलेली, मनगट लोंबतं. भेटायला आलेल्या अण्णासाहेबांनी आबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, पावसाळ्यापर्यंत आराम कर सखाराम, कलमांच्या वेळी बघू. ते मनापासून बोलले होते. आम्ही तिघांनी त्यातला फक्त शेवटचा शब्द ऐकला.

वाडीचं पाणी, खत, झाडलोट आई आणि मी ओढत होतो. ते कुणालाही जमतं. कलम कुणालाही जमत नाही. एक दिवस आम्ही दोघी विहिरीवरून आलो तर आबा पडवीत बसले होते, चाकूची मूठ डाव्या मुठीत, पातं दातांत, आणि हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. जुन्या चाकूची कमान, म्हणजे मुठीतली स्प्रिंग, फार कडक होती, दोन्ही हातांच्या बोटांनी जोर लावल्याशिवाय तो उघडत नसे. आईने चाकू काढून घेतला, ओठाला हळद लावली आणि चाकू तांदळाच्या कणगीत खोल पुरून टाकला. आबा दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, कँपात सिंध्यांच्या दुकानांत तऱ्हेतऱ्हेचे चाकू आलेत म्हणतात. एका हाताने उघडेल असा एक बघून आण. आधी चाकू उघडायला लागू दे, हात मागोमाग येईल.

त्यांनी मला काय काय बघायचं ते शिकवलं. पातं उघडल्यावर डुलता कामा नये. मिटल्यावर मधोमध बसलं पाहिजे, कडेला घासता कामा नये. उजेडात धरलं तर कमान आणि पात्याची पाठ यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. चकचकीत असेल तर घेऊ नकोस. आणि मूठ ओल्या हाताने धरून बघ. मी सगळं पाठ केलं. आईने पदराची गाठ सोडून जे होतं ते माझ्या हातावर ठेवलं, आणि मी गाडीने अंबरनाथला उतरून तिथून पाच नंबरच्या कँपापर्यंत चालत गेले. त्याआधी मी एकटी कुठे गेले नव्हते. कँप म्हणजे आज ज्याला सगळे उल्हासनगर म्हणतात ते. तेव्हा नाव पडून थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्याकडे सगळे कँपच म्हणायचे. लष्कराच्या लांबच लांब बराकी, मधे गोणपाटाचे आडोसे, वाळत घातलेले पापड, आणि जिथे भिंत रिकामी तिथे दुकान. मला तिथली भाषा कळत नव्हती. सगळे भांडताहेत असं वाटायचं, आणि जवळ गेलं की ते फक्त भाव करत असायचे.

लोखंडी सामानाच्या पहिल्या दोन दुकानांत मला चाकू हातात घेऊ दिले नाहीत. तिसरं दुकान बराकीच्या टोकाला होतं. कुलपं, कात्र्या, अडकित्ते, बिजागऱ्या यांच्यामधे एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ मांडी घालून बसले होते. येणारे-जाणारे त्यांना साईं म्हणायचे. मी चाकू मागितला. कशाला हवा म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं घरात. त्यांनी चार-पाच चाकू पुढे टाकले. मी एक उचलला, डाव्या हातात धरला आणि अंगठ्याने पातं ढकलून बघितलं. ते हललं नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला. साईंनी हातातलं काम थांबवलं होतं. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "किसका हाथ गया है, बेटी?"

मला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत घरात कुणी तो शब्द उच्चारला नव्हता. हात गेला. आम्ही हात बरा होतोय म्हणायचो, हात जड आहे म्हणायचो. मी बाप म्हटलं आणि माझा उजवा दंड धरून दाखवला.

साईंनी मागून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यात कागदात गुंडाळलेले चाकू होते. मग त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली घातला, त्याच्यावर बसले, आणि डाव्या हाताने एकेक चाकू उघडायला लागले. दुकानात माणसं येत होती, त्यांना ते मान हलवून थांबायला सांगत होते. अंगठ्याचं नख तुटलं, बोटाला कापलं, तेव्हा त्यांनी बोट तोंडात धरलं, पण मांडीखालचा हात बाहेर काढला नाही. मी समोर उभी राहून बघत होते. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्यासाठी हे करावं लागतंय याची मला लाज वाटत होती आणि त्यांनी थांबू नये असंही वाटत होतं.

शेवटी दोन चाकू उरले. पहिला सहज उघडत होता. अंगठा लावला की पातं बाहेर. पण आबांनी सांगितल्याप्रमाणे मी पातं चिमटीत धरून बघितलं तर ते किंचित डुलत होतं. दुसरा साधा, बैठ्या मुठीचा, गव्हाळी शिंगाचा, काळसर पात्याचा. त्याची कमान पहिल्याहून कडक होती, पण उजेडात धरला तर केसभरही फट नव्हती, आणि उघडल्यावर असा खट् आवाज यायचा की ऐकणाऱ्याची खात्री पटावी. साईंनी दोन्ही माझ्यासमोर ठेवले. त्यांच्या हिंदीत त्यांनी मला समजावलं, की हा पहिला तुझा बाप आज संध्याकाळीच उघडेल, पण कामात जोर लागला की हा त्याच्याच बोटांवर मिटेल. दुसरा उघडायला त्याला महिना लागेल, पण तो दगा देणार नाही. "अब तू बोल," ते म्हणाले.

मी सोळा वर्षांची होते. घरात मीठ किती घालायचं हेही मला कुणी विचारत नसे. मी बराच वेळ दोन्ही चाकूंकडे बघत राहिले आणि मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. साईंनी तो छोट्या पकडीत धरला, कानस घेतली आणि मुठीच्या एका कडेला, जिथे अंगठा लागतो तिथे, शिंग थोडं घासून खोलगट केलं, म्हणजे पात्याची पाठ जास्त उघडी राहील. तेलाचा थेंब सोडला. कागदाचा कपटा कापून धार दाखवली. कागद कापल्याचा आवाजही आला नाही.

साईंनी सांगितला होता तो महिना खरोखरच लागला, थोडा जास्तच. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरं काही घडतच नव्हतं. आबा सकाळी पडवीत बसायचे. चाकू डाव्या तळव्यात, अंगठा त्या खोलगट जागी. अंगठ्याने पातं अर्ध्यावर आणायचं आणि मग मनगटाला झटका देऊन पुरं उघडायचं. कधी चाकूच हातातून उडून अंगणात पडायचा. मी उचलून आणून द्यायचे. उघडला, की मी मिटून परत हातात द्यायचे. मिटणं त्यांना जमत नव्हतं आणि ते शिकावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. पहिल्यांदा खट् आवाज आला तेव्हा आई आत तांदूळ निवडत होती. ती सूप हातात घेऊन तशीच बाहेर आली. दुपारी तिने घावनं केली आणि नारळाचा गोड रस. बेसावध असताना कधी कधी माणसाला इतकं सुख होतं की नंतर त्याचीच भीती वाटते. तसं आम्हा तिघांना त्या जेवणावर झालं असावं.

मग वेग वाढत गेला. आबा 'एक' म्हणायचे आणि 'दोन' म्हणायच्या आत पातं बाहेर असायचं. विहिरीवर असले तरी तो आवाज मला ऐकू यायचा, आणि आवाज लवकर आला की आबा बरे आहेत, उशिरा आला की आज बरं नाही, असं आमचं होऊन बसलं. गेल्या वर्षी मला स्वतःला पायाचं दुखणं झालं तेव्हा एक तरुण मुलगी व्यायाम करून घ्यायला घरी यायची. ती रोज मोजपट्टी लावून सांगायची, आजी, आज गुडघा इतका वाकला. वाकला की घरात सगळे आनंदाने टाळ्या वाजवायचे. मला चालता येतं का हे हळूहळू कुणी विचारेनासंच झालं. तेव्हा मला आमची पडवी आठवली.

उजवा हातही अगदीच गप्प नव्हता, नाहीतर आम्ही इतके वेडे झालो नसतो. अंगठा आणि तर्जनी जरा हलू लागली होती. पडवीत बसून, तो हात मांडीवर नीट टेकवून, त्या चिमटीत मी पेरूची काटकी खोचून दिली की आबा डाव्या हाताने तिची साल तासायचे. पहिल्यांदा वेडीवाकडी, मग सरळ. त्यातच अण्णासाहेबांचं कार्ड आलं, हात कसा आहे, कलमांचं काय करायचं, एका स्नेह्यांना आपल्या दारच्या पायरी आंब्याची कलमं हवी आहेत. घरात लिहिणारी मी एकटी. आबा म्हणाले, लिही, की ठीक आहे. मी लिहिलं, आबांचा हात आता बराच बरा आहे, चाकू पूर्वीसारखा चालवतात. खोटं लिहितेय असं मला वाटलं नाही. खट् आवाज माझ्या कानांत होता.

आषाढातल्या एका रविवारी अण्णासाहेब आले. पावसाने सकाळपासून उघडीप दिली होती. त्याआधी आईने आणि मी बांबूचा बैठा मांडव करून पायरीच्या खालच्या फांद्यांशी रोपांच्या कुंड्या टेकवून ठेवल्या होत्या, आबा बसून सांगत होते तसं. आबांनी धुतलेला सदरा घातला. निघताना मला म्हणाले, "मालकांसमोर तू पुढे यायचं नाहीस, बाय. काही झालं तरी. पोरीच्या हाताने काम करतो असं त्यांना वाटायला नको." मी बरं म्हटलं. भिजवलेल्या सोपाच्या पट्ट्या हातात घेऊन मी मांडवापासून चार पावलांवर उभी राहिले. आई विहिरीच्या काठावर होती.

आबांनी खिशातून चाकू काढला आणि उघडला. इतका चपळ त्यांनी तो कधी उघडला नव्हता. अण्णासाहेब खरोखर चकित झाले. "अरे वा, सखाराम," ते म्हणाले, "उजव्याच्या वरताण झाला की डावा." आबा हसले, आणि आता ते हसू दोन्ही गालांवर होतं. अण्णासाहेबांनी छत्री काखेत धरली आणि आनंदाने म्हणाले, "बांध एक माझ्यासमोर. बघू दे."

झाड मांडीवर येत नाही. इतके महिने आम्ही तिघांनी मिळून एवढी साधी गोष्ट बघितली नव्हती. फांदी आबांच्या छातीच्या उंचीवर होती आणि तो उजवा हात तिथपर्यंत स्वतःहून उचलला जात नव्हता. त्याला उचलायला डावा हात हवा, आणि डाव्या हातात उघडा चाकू. आबा तसेच उभे राहिले. झाडाकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ, बराच वेळ. मी आजपर्यंत हजारदा ती नजर वाचायचा प्रयत्न केला आहे. ये म्हणत होते की येऊ नकोस म्हणत होते? मला काही झालं तरी पुढे यायचं नाही असं सांगितलेलं होतं. माझे पाय जागचे हलले नाहीत. सोपाच्या पट्ट्यांतलं पाणी माझ्या कोपरांवरून खाली गळत होतं.

मग आबांनी चाकू दातांत धरला. मालकांसमोर जे दिसू नये म्हणून हे सगळं केलं होतं तेच केलं. डाव्या हाताने उजवा हात उचलून फांदीवर ठेवला, एकेक बोट फांदीभोवती वळवलं, चाकू तोंडातून काढला आणि पातं सालीला लावलं. पहिला काप बरोबर पडला. दुसऱ्या वेळी फांदी हलली, वळवलेली बोटं सुटली, आणि चाकू सालीवरून घसरून उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुंध्यावरून गेला. चाकू चांगला होता. आवाजही आला नाही. आबांना काहीच कळलं नाही. हात खाली लोंबत होता, बोटांवरून रक्त आंब्याच्या रोपाच्या पानांवर पडत होतं, आणि आबा फांदीकडे बघत अण्णासाहेबांना विचारत होते, "काप बरा पडलाय ना?"

अण्णासाहेब त्या हाताकडेच बघत होते. मी तर उभीच होते. विहिरीकडून आई म्हणाली, "अहो, हात." आणि आबांनी चटकन आपला डावा हात उलटासुलटा करून बघितला. तिथे काही नव्हतं. त्यांनी गोंधळून आईकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांच्या नजरा जिकडे होत्या तिकडे त्यांची नजर गेली.

अण्णासाहेबांनी स्वतःच्या रुमालाने जखम बांधली. एका शब्दानेही ते कुणाला बोलले नाहीत, चहासुद्धा प्यायले. जाताना दाराशी थांबून त्यांनी मला विचारलं, "कार्ड तू लिहिलं होतंस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." मला त्यांनी रागावायला हवं होतं. आईला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की दसऱ्यापर्यंत घाई नाही, तोवर दुसरी व्यवस्था होईल. दसऱ्यापर्यंत ती जखम चिघळत राहिली. मी निवडलेल्या चाकूची धार खोल गेली होती. तो डुलणारा चाकू घेतला असता तर एवढं कापलं नसतं, असं आई एकदा जखम धुताना सहज म्हणाली. तिच्या मनात मला दोष द्यायचा नव्हता. मी गरम पाण्याचं भांडं धरून बसले होते, ते मी खाली ठेवलं आणि मागच्या दारी अळवापाशी जाऊन उभी राहिले.

नवा माळी आला तो वसईकडचा तरुण माणूस होता, बायको आणि तान्ह्या मुलासकट. त्याने आमचं सामान गाडीवर चढवायला मदत केली. आम्ही अंबरनाथला चाळीतल्या एका खोलीत आलो. आईला आणि मला काड्यापेटीच्या कारखान्यात काम मिळालं. मला वाटतं माझं लहानपण संपलं ते तिथे, काड्या भरताना, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोबतिणी चांगल्या होत्या, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दारातून आत आलं. आबांना मात्र करायला काही नव्हतं. चाळीसमोर एक शेवग्याचं झाड होतं, तेवढंच. ते दारात बसून असायचे. चाळीतल्या मुलांना कसं कळलं कोण जाणे, ती जमायची आणि म्हणायची, आजोबा, चाकू उघडा. आबा 'एक' म्हणायचे आणि चाकू उघडायचे, मुलं ओरडायची, मग त्यांतला एखादा मोठा मुलगा चाकू मिटून त्यांच्या हातात द्यायचा. कामावरून येताना कोपऱ्यावरच मला तो आवाज ऐकू यायचा. मी आईला म्हणायचे, हे बंद कर, तमाशा झालाय नुसता. आई म्हणायची, तू बंद कर. आणि आम्ही दोघीही काही करत नसू. ते दोन-तीन तास सोडले तर आबा दिवसभरात कुणाशी बोलत नसत, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

माझं लग्न ठरलं त्या सुमाराची एक दुपार आहे. सुट्टी होती. आई बाजारात गेली होती, मी आबांना जेवायला वाढत होते. कुळथाची पिठी आणि भात, आबा डाव्या हाताने कालवत होते. आता मी जाणार, पुन्हा असं दोघांत बसणं व्हायचं नाही, असं वाटून मी इतकी वर्षं गिळलेलं विचारलं. म्हटलं, आबा, त्या दिवशी पायरीखाली तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुढे यावं असं तुमच्या मनात होतं का?

आबांना लगेच आठवलं नाही, मग आठवलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"चाकू कुठे ठेवू ते बघत होतो, गो," ते म्हणाले. "हातातला सुटला असता म्हणजे जमलं असतं. तुझेही हात भरलेले होते."

आणि त्यांनी आणखी थोडी पिठी मागितली. मी वाढली.